नागपुरात मित्रासोबत माउंटन बायकिंगचा पहिला व्हिडिओ: शूटिंगपासून एडिटिंगपर्यंत

हेल्मेटला कॅमेरा लावायचा, तासभर सायकल हाणायची आणि घरी येऊन ते सगळं रेकॉर्डिंग जसंच्या तसं अपलोड करायचं, अशी बहुतेकांची सुरुवात होते. चालवणाऱ्याला तो व्हिडिओ आवडतो, कारण त्याला प्रत्येक दगड आठवत असतो. बाकीच्यांना वीस मिनिटं नुसती हलणारी पायवाट दिसते. सायकल उतारावर कशी कलली, मागचं चाक कुठे घसरलं, माणूस किती जोरात आला, यातलं काहीच कळत नाही.

सोबत एक मित्र असला की हे बदलतं. एकाने चालवायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून शूट करायचं, मग अदलाबदल. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, खिशातला मोबाइल पुरतो. पहिल्या व्हिडिओसाठी दहा किलोमीटरची पायवाट शोधत बसू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एक चांगलं वळण, एक छोटा उतार आणि एक सकाळ घ्या आणि तेवढंच नीट शूट करा. पुढचं सगळं याच पद्धतीने सांगतो आहे.

निघण्याआधी काय ठरवायचं

लांबी दीड ते दोन मिनिटं ठेवा. एवढ्या व्हिडिओला तीस-पस्तीस चांगले शॉट लागतात आणि ते एका सकाळी मिळतात. पाच मिनिटांचा बेत आखला की अर्धे शॉट नुसते जागा भरायला टाकावे लागतात.

दुसरं म्हणजे आडवा की उभा, हे घरीच ठरवा. आडवा शूट करून नंतर उभा कापू म्हटलं तर सायकलस्वाराचं अर्धं चाक बाहेर जातं. बाजूने जाणारी सायकल टिपायची असेल तर आडवी चौकट लागते, उभ्या चौकटीतून ती डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते. समोरून येणारी किंवा पाठून जाणारी सायकल उभ्या चौकटीत छान बसते. पहिला व्हिडिओ आडवाच करा, एडिटिंग शिकायला तो सोपा पडतो.

तिसरं, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा करायचा असं पक्कं करा आणि जो शॉट संथ दाखवायचा आहे तेवढाच ६० किंवा १२० फ्रेमवर घ्या. ६० चा शॉट ३० वर बरोबर अर्ध्या वेगाने चालतो, १२० चा पावपट वेगाने. सिनेमासारखं दिसतं म्हणून काही जण २४ फ्रेम निवडतात. पण ६० फ्रेमवर घेतलेला शॉट २४ च्या टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये शॉट ओळीने जोडतात त्या पट्टीवर) नेहमीच्या वेगाने चालवला तर फ्रेम विषम गाळल्या जातात आणि चाल अडखळते. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

जागा: नागपुरात कुठे

शहर सपाट वाटत असलं तरी पश्चिमेकडे बेसाल्टच्या टेकड्या आहेत. वर मुरूम, मधूनमधून काळे दगड, कडेला साग आणि पळस. सेमिनरी हिल्स सगळ्यात जवळ. तिथे सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी बरीच असतात, म्हणून रविवार टाळा. कुठल्या वाटेवर सायकल चालते आणि कुठे नाही, हे गेटवरच्या वनकर्मचाऱ्याला आधी विचारा. "काका, आम्ही दोघंच आहोत, एका कोपऱ्यात तासभर शूटिंग करू, चालेल का?" एवढं नीट विचारलं की ते जागाही सांगतात आणि नाही म्हणाले तर का नाही, तेही कळतं.

हिंगण्याच्या पलीकडे झिल्पी तलावाकडचा भाग मोकळा आहे, उजेड भरपूर मिळतो आणि गर्दी कमी. रामटेक शहरापासून पन्नासेक किलोमीटर आहे. तिथली टेकडी कॅमेऱ्यात फार सुंदर येते, पण मंदिराची वाट आणि पायऱ्या भाविकांच्या आहेत, तिथे सायकल घालू नका. गोरेवाड्याच्या जंगलात बिबट्यांचा वावर आहे आणि तो वनक्षेत्राचा भाग आहे, त्यामुळे परवानगीशिवाय कुंपणाच्या आत जाण्याचा विचारही नको.

ड्रोनबद्दल हमखास विचारलं जातं. ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग आहेत आणि विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत वेगळी बंधनं लागतात. सोनेगावचा विमानतळ बघता सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी हा सगळा पट्टा त्यात येतो, शिवाय शेजारी वायुसेनानगर आहे. वनक्षेत्रात वनविभागाची परवानगी वेगळी. तेव्हा पहिल्या व्हिडिओत ड्रोन नको. वरून दिसणारा शॉट हवा असेल तर टेकडीवर दहा मिनिटं चढून जा, तो मिळतो.

ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. डिसेंबरअखेर नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वाआठपर्यंत तिरपा, पिवळसर उजेड असतो. पायवाटेवरचा प्रत्येक खडा तेव्हा सावली टाकतो, त्यामुळे खडबडीतपणा दिसतो. अकरानंतर ऊन डोक्यावर आलं की तीच वाट पांढरीफट्ट आणि सपाट दिसते. फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये पळस फुलतो. केशरी फुलांखालून जाणारी सायकल टिपायची असेल तर ते दिवस चुकवू नका.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ॲक्शन कॅमेरा, म्हणजे हेल्मेटला किंवा छातीला लावायचा छोटा कॅमेरा, उन्हात स्थिर ठेवून चालू राहिला तर तापून आपोआप बंद पडतो, मोबाइल आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो आणि मग कॅमेरा ॲपच बंद करतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसालाही ऊन लागतं. उन्हाळ्यात शूट करायचंच असेल तर साडेपाचला वाटेवर हजर राहा आणि आठला सामान आवरा.

पावसाळ्यात माती बघून निर्णय घ्या. काळी माती ओली झाली की टायर आणि फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, मध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. शिवाय आपण पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढच्या माणसाला त्रास देतात. मुरमाचं मात्र उलट आहे. पाणी झरझर निथळतं आणि पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी मुरूम दबलेला, धूळ बसलेली आणि रंग गडद झालेला असतो. वर्षभरात शूटिंगला याहून चांगली जमीन मिळत नाही.

सामान

एक मोबाइल, जमल्यास एक ॲक्शन कॅमेरा, छोटा ट्रायपॉड, पॉवर बँक, लेन्स पुसायला चष्म्याचं कापड. मेमरी कार्ड घेताना त्यावर व्ही३० लिहिलेलं बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी असते. फोर-के ३० फ्रेमचं रेकॉर्डिंग फॉरमॅटनुसार मिनिटाला साधारण १७० ते ३५० एमबी जागा घेतं, त्यामुळे मोबाइल आदल्या रात्रीच रिकामा करा. सायकल साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, पुरते. हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड, हातमोजे दोघांकडेही हवेत, कारण दोघंही चालवणार आहेत. पाणी, बँडेज, पंक्चरचं सामान ओघाने आलंच.

पैसे खर्च करायचेच असतील तर एका गोष्टीवर करा: मोबाइलच्या लेन्सवर लागणारा एनडी फिल्टर. लेन्सला लावायचा हा काळा चष्माच समजा. ३० फ्रेमला शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायला लागणारा वेळ, साधारण १/६० सेकंद असलं की फिरणारं चाक नैसर्गिक पुसट दिसतं. आपल्याकडच्या उन्हात मोबाइल ते आपोआप १/१००० किंवा १/२००० वर नेतो, मग प्रत्येक आरा वेगळा दिसतो आणि चाल तुटक वाटते. एनडी१६ फिल्टर प्रकाश सोळाव्या भागावर आणतो, म्हणजे १/१००० चं शटर साधारण १/६० वर येतं. मात्र त्यासाठी शटर हाताने ठरवता येणारं ॲप किंवा प्रो मोड लागतो.

आधी चालत जा

सायकलवर बसण्याआधी दोघांनी ती वाट पायी खालून वर चढा. चालवणारा सैल दगड, मुळं आणि थांबायला जागा कुठे आहे ते बघतो. शूट करणारा ऊन कुठून येतं, मागे विजेचा खांब किंवा कचरा येतो का, ते बघतो. कचरा असेल तर उचलून पिशवीत टाका. फ्रेमही सुधारते आणि वाटही. वाटेतली झुडपं तोडायची नाहीत, नवी वाट पाडायची नाही.

याच वेळी खुणा ठरवा. उतारावर चाळीस-पन्नास मीटर अंतर असतं, मध्ये झाडं असतात आणि ओरडून सांगितलेलं अर्धंच पोचतं. "ये" आणि "नको ये" दुरून एकसारखं ऐकू येतं, आणि ही गफलत महागात पडू शकते. म्हणून येण्यासाठी आवाज वापरूच नका. शूट करणाऱ्याने रेकॉर्डिंग सुरू करून हात सरळ वर धरायचा आणि खाली आणला की निघायचं. मध्येच कोणी वाटसरू, कुत्रा किंवा गुरं आली तर एकच शब्द: "थांब!" तो शब्द दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, गमतीतसुद्धा नाही. उतार वळणाआड असेल आणि एकमेकांना दिसत नसाल तर फोन चालू ठेवून इअरफोन एकाच कानात घाला.

उभं कुठे राहायचं, हेही आत्ताच ठरवा. वळणावर घसरलेली सायकल आणि माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. बाहेरून शॉट छान दिसतो म्हणून सगळे तिथेच उभे राहतात. वळणाच्या आतल्या बाजूला राहा. बाहेरूनच हवा असेल तर जाड झाडाच्या मागे उभं राहा किंवा मोबाइल ट्रायपॉडवर लावून बाजूला व्हा.

एक वळण नीट शूट करणं

समजा डावीकडे वळणारी वाट आहे, मधोमध एक काळा दगड वर आलेला आहे आणि पुढे दहा मीटर उतार आहे. एवढ्यावर किती शॉट मिळतात बघा.

पहिला शॉट दुरून आणि जरा उंचावरून. वाट कुठून येते, कुठे जाते हे त्यात कळलं पाहिजे. सायकलस्वार छोटा दिसला तरी चालेल. मोबाइल ट्रायपॉडवर, अजिबात न हलवता. या शॉटशिवाय पुढचे जवळचे शॉट कुठले आहेत ते बघणाऱ्याला उमगत नाही.

दुसरा दगडाजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर. इथे माणूस दाखवायचाच नाही. पुढचं चाक येतं, दगडावर चढतं, फोर्क दबतो, मुरूम उडतो, मागचं चाक जातं. हा शॉट ६० फ्रेमवर घ्या. फोकस आणि उजेड दगडावर बोट दाबून ठेवून लॉक करा, नाहीतर चाक फ्रेममध्ये आल्याबरोबर मोबाइल फोकस शोधायला लागतो आणि नेमका तोच क्षण धूसर येतो.

तिसरा बाजूने, सायकलबरोबर कॅमेरा फिरवत. यात सरावाचा भाग आहे. सायकल जिथे बाहेर पडणार आहे त्या दिशेला पाय रोवून उभे राहा आणि कंबर वळवून सुरुवातीच्या जागेकडे बघा. सायकल आली की शरीर आपोआप सुटत सरळ होतं आणि कॅमेरा शेवटाला स्थिर राहतो. पाय सुरुवातीच्या दिशेला असतील तर नेमकं शेवटी कंबर अडते आणि शॉट झटका खातो. फ्रेममध्ये सायकलच्या पुढे मोकळी जागा ठेवा, मागे नाही.

चौथा चेहऱ्याचा, समोरून, लांबून. डिजिटल झूम करू नका. मोबाइलला दुसरी, दुपटीची लेन्स असेल तर ती वापरा. वळण घेताना चांगला चालवणारा चाकाकडे बघत नाही, वाट जिथे संपते तिकडे बघतो. ती नजर या शॉटमध्ये येते. पाचवा मागून, सायकल लांब जाताना.

उरलेले बारीक शॉट सायकल जवळपास थांबलेली असतानाच घ्या: ब्रेकवर टेकलेलं एक बोट, पेडलवर बसणारा बूट, हेल्मेटचा पट्टा, चेनवरची धूळ. एडिटिंगला बसलात की हे शॉट किती कामाला येतात ते कळेल. दोन शॉट जुळत नसले की मध्ये यातला एक टाकता येतो.

प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग सायकल दिसायच्या पाच सेकंद आधी सुरू करा आणि गेल्यावर पाच सेकंदांनी थांबवा. चालवणाऱ्याने दर फेरीला वेग आणि वाटेवरची चाकाची रेघ तीच ठेवायची. जॅकेट काढायचं नाही, बाटली काढून ठेवायची नाही, नाहीतर एका शॉटमध्ये बाटली आहे आणि पुढच्यात गायब. एक पथ्य कटाक्षाने पाळा. सायकल पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल तर त्या वळणाचे सगळे शॉट वाटेच्या एकाच बाजूने घ्या. मध्येच पलीकडे गेलात तर सायकल उलटी, परत यायला लागल्यासारखी दिसते. पलीकडची बाजू हवीच असेल तर दोन्हींच्या मध्ये समोरून किंवा थेट मागून घेतलेला शॉट ठेवा.

आणि हो, पाचव्या-सहाव्या फेरीला चालवणारा दमतो. "अबे, अजून एकदा" म्हणण्याआधी त्याच्याकडे बघा. दमलेल्या हातांना ब्रेक उशिरा लागतो. तिथे अदलाबदल करा.

उतार सपाट का दिसतो

नवख्यांना सगळ्यात जास्त खटकतं ते हे. प्रत्यक्षात छातीत धडकी भरवणारा उतार व्हिडिओत बगिच्यातल्या रस्त्यासारखा दिसतो. रुंद लेन्स लांबच्या वस्तू आणखी लांब आणि छोट्या करते, त्यात कॅमेरा उताराच्या दिशेनेच तिरका धरला की चढउतार उरतच नाही. उपाय तीन. बाजूने शूट करा आणि फ्रेममध्ये सागाचे सरळ खोड येऊ द्या. झाड उभं आणि वाट तिरकी दिसली की उतार डोळ्यांना मोजता येतो. त्यासाठी मोबाइलमधली जाळीची रेषा चालू करून खोड अगदी सरळ राखा. दुसरा, उताराच्या खाली बसून वर बघत शूट करा. तिसरा, रुंद लेन्स सोडून साधी किंवा दुपटीची लेन्स घ्या. या तिन्हींत मला खोडाचा उपाय सर्वात भरवशाचा वाटतो.

सायकलवरचा कॅमेरा

तो वापरू नका असं मी म्हणत नाही. दोन मिनिटांत पंधरा-वीस सेकंद तो हवाच, वेग त्यातूनच जाणवतो. पण हेल्मेटपेक्षा छातीवर लावा. छातीवरून हात, हँडलबार आणि पुढचं चाक दिसतं, काम करणारे दंड दिसतात. एक खबरदारी घ्या: छातीवरचा कॅमेरा सरळ उभं राहून सेट केलात तर उतारावर पुढे वाकल्याबरोबर त्यात फक्त हँडलबारचा मधला तुकडा येतो. पेडलवर उभे राहा, कोपर बाहेर, गुडघे वाकवलेले, म्हणजे उतारावर असता तसे, आणि मित्राला स्क्रीन बघून कॅमेरा वर करायला सांगा.

दाट सावलीत एक अडचण येते. स्टॅबिलायझेशन सॉफ्टवेअरचं असतं, ते फ्रेम हलवून धक्के काढतं. उजेड कमी असला की शटर मंद होतं आणि प्रत्येक फ्रेम स्वतःच पुसट येते; मग चित्र स्थिर असूनही थरथरतं आणि वितळल्यासारखं दिसतं. म्हणून छातीवरचा शॉट उघड्या, उजेडाच्या तुकड्यावर घ्या आणि सावलीतलं काम मित्राच्या हातातल्या मोबाइलला द्या.

मित्र मागून सायकलवर येत शूट करणार असेल तर चार-पाच मीटर अंतर राखा आणि एका हाताने मोबाइल धरून कधीही उतरू नका.

आवाज

माउंटन बायकिंगच्या व्हिडिओत नव्वद टक्के लोक आवाज टाकून देतात आणि वर गाणं चढवतात, असं बघताना वाटतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडच्या जंगलाचा आवाज फार श्रीमंत आहे. हिवाळ्याच्या शेवटी सागाची ताटाएवढी पानं वाळून वाटेवर पडतात. त्यावरून टायर गेलं की जो कुरकुरीत, फाटल्यासारखा आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरता येत नाही. पेडल थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारी फ्रीहबची टरटर, मुरमावर ब्रेक लागताना होणारी खरखर, दगडावरून उतरल्यावर चेनचा खडखडाट, हेही तसंच.

हे सगळं वेगळं रेकॉर्ड करा. शूटिंग आटोपल्यावर दुसरा मोबाइल वाटेच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून धरा आणि मित्राला तीन-चार वेळा अगदी जवळून जाऊ द्या. चित्राची काळजी करू नका, फक्त आवाज घ्या. शेवटी दोघंही अर्धा मिनिट गप्प उभे राहा आणि तिथली शांतता, पाखरं, दूरची झुळूक रेकॉर्ड करा. वरून विमान जात असेल तर ते जाऊ द्या आणि पुन्हा घ्या. एडिटिंगमध्ये दोन शॉटमधल्या आवाजाची भेग याच अर्ध्या मिनिटाने बुजते.

घरी आल्यावर

तर्री पोहे खाऊन झोपायच्या आधी सगळं दोन ठिकाणी कॉपी करा, एक लॅपटॉपवर आणि एक बाहेरच्या ड्राइव्हवर. दोन्हीकडे उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. फोल्डरची नावं शॉटप्रमाणे द्या: दुरून, चाक, बाजूने, चेहरा, मागून, बारीक, आवाज.

मग निवड. ज्याने चालवली त्याने स्वतःचे शॉट निवडायचे नाहीत. त्याला ती फेरी किती कठीण गेली ते आठवत असतं आणि शॉटमध्ये नसलेली मेहनतही त्याला दिसते. मित्राने निवडावेत. वाद झालाच तर दोघांना न ओळखणाऱ्या तिसऱ्याला, घरातल्या ताईला किंवा धाकट्या भावाला दाखवा आणि ते मोबाइलकडे कधी बघायला लागतात त्यावर लक्ष ठेवा. तिथे कापायचं.

एडिटिंग

कॉम्प्युटर बरा असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या. जुना लॅपटॉप असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह हलके पडतात, दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. कुठलंही असो, क्लिप आत आणण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट ३० करून ठेवा; नंतर बदलणं डोकेदुखी ठरतं.

मोबाइल बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो, कधी २९, कधी ३१. वेगळा घेतलेला आवाज चित्रावर बसवताना तो हळूहळू सरकायला लागला तर कारण बहुधा हेच असतं. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या. चालवताना चित्र अडकत असेल तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे त्याच क्लिपच्या हलक्या प्रती. एडिट त्यावर होतं आणि शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं.

आता तेच वळण जोडू. दुरूनचा शॉट तीन सेकंद: सायकल येते, दगडाकडे वळते. पुढचं चाक दगडाला टेकतं ती नेमकी फ्रेम शोधा आणि तिथेच कापा. चाकाच्या शॉटमध्येही तीच फ्रेम शोधा आणि तिथून सुरू करा. हालचाल चालू असताना कापलं की डोळा हालचालीच्या मागे जातो आणि जोड दिसत नाही. हालचाल संपल्यावर कापलं की प्रत्येक जोड अंगावर येतो. चाकाच्या शॉटमधला दगडाचा आवाज चार-पाच फ्रेम आधी, दुरूनच्या शॉटवरच सुरू करा. मग चेहरा एक सेकंद, बाजूने दोन-अडीच सेकंद, मागून जाताना तीन सेकंद. दहा-बारा सेकंदांत एक वळण पूर्ण झालं आणि ते बघणाऱ्याला घडताना दिसलं.

संथ गती संपूर्ण व्हिडिओत एकदाच, फार तर दोनदा. प्रत्येक उडी संथ केली की कुठलीच मोठी वाटत नाही. सरकते, फिरते, चमकते जोड वापरू नका, साधा कट ठेवा. सॉफ्टवेअरमधलं स्टॅबिलायझेशन लावलं तर चित्र कडेने कापलं जातं, म्हणून ते गरजेपुरतंच.

रंगाचं काम थोडकं ठेवा. सगळे शॉट एकमेकांशी जुळवणं हे पहिलं, छान दिसणं नंतर. मुरूम लालसर-तपकिरी आहे आणि वाळलेलं गवत फिकट पिवळं. रंग चढवले की मुरूम विटेसारखा होतो आणि त्वचा नारिंगी. काळ्या दगडात तपशील दिसेल इतपत सावलीचा भाग उजळा आणि थांबा.

संगीत निवडताना यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी वापरा, तिथलं संगीत मोफत आहे. काही तुकड्यांना श्रेय द्यावं लागतं, ते वाचून घ्या. चित्रपटातलं गाणं टाकलं तर हक्कदाराचा दावा येऊ शकतो आणि व्हिडिओ अडकू शकतो. संगीत कितीही आवडलं तरी दगडाच्या, पानांच्या आवाजाच्या जागी ते खाली आणा.

एक्सपोर्ट आणि अपलोड

१०८०पी, ३० फ्रेमसाठी यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिट सुचवतं, फोर-केसाठी ३५ ते ४५. पानं आणि उडणारा मुरूम दर फ्रेमला बदलतात, त्यामुळे फाइल दाबून लहान करताना अशा व्हिडिओचं चित्र सगळ्यात आधी फुटतं. शूटिंग फोर-केमध्ये असेल तर फोर-केच अपलोड करा. १०८०पीवर बघणाऱ्यालाही त्याचं चित्र बरं दिसतं.

अपलोड आधी खासगी ठेवा. सुरुवातीला फक्त कमी दर्जाची आवृत्ती तयार झालेली असते, मोठी मागाहून येते. ती आली की दोघांनी एकदा मोबाइलवर इअरफोन लावून आणि एकदा टीव्हीवर बघा. कुणा फिरायला आलेल्या माणसाचा चेहरा किंवा गाडीचा नंबर स्पष्ट दिसत असेल तर तो शॉट बदला. वर्णनात दोघांची नावं लिहा, कोणी कुठले शॉट घेतले तेही लिहा, आणि मगच सगळ्यांसाठी खुला करा.